कच्च्या शिलाईची मांडणी

"ज्या माणसानं एकेचाळीस वर्षं वाकड्या खांद्यांना सरळ कोट घातले, त्याला चार फळ्या सरळ बसवायला सुतार कशाला हवा?" असं म्हणून मास्तरांनी चहाचा कप बशीत ठेवला, आणि गॅरेजमधली मांडणी नि कामाचं टेबल ते स्वतः करणार हे ठरून गेलं! म्हणजे त्यांच्यापुरतं ठरलं. बाकीच्यांचे कप अजून तोंडाशीच होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. हे कोट शिवणारे मास्तर. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या दुकानाची इमारत पाडायला घेतली, तेव्हा ते बायकोला आणि शिलाई मशीनला घेऊन लेकीच्या घरी राहायला आले. बायकोला वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली मिळाली. मशीनला खालचं गॅरेज मिळालं, तेही कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. लेक गुणाची, जावई तर शोधून सापडणार नाही असा. पण लेकीच्या घरी राहणारा बाप कितीही झालं तरी पाहुणाच, हे मास्तरांच्या मनातून काही जात नव्हतं. आणि ते मनात आलं की मास्तर नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं बोलायचे.

त्या रविवारी तर ते फारच मोठ्यानं बोलले, आणि त्याला कारण होते फोरमनसाहेब. फोरमनसाहेब म्हणजे जावयाचे वडील, मास्तरांचे व्याही. उभं आयुष्य कारखान्यात मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात गेलेलं, त्यामुळे निवृत्त झाले तरी "जरा साखर द्या" हेसुद्धा ते पाळी बदलल्याच्या थाटात सांगायचे. राहायचे मोठ्या मुलाकडे, दोन गल्ल्या सोडून, पण दर रविवारी इकडे पाहणीला यायचे. त्या दिवशी त्यांनी गॅरेजची पाहणी केली होती.

आता त्या गॅरेजबद्दल काय सांगावं! गाडी सोडून त्यात सगळं होतं. बिघडलेला पाण्याचा पंप, जादाचा टायर, रंगाचे सात डबे, चाकं नसलेल्या दोन बॅगा, पुस्तकांची खोकी, शिडी, वायरची वेटोळी, आणि व्यायामाचं एक यंत्र, ज्यावर गेली तीन वर्षं फक्त धूळ व्यायाम करत होती. गाडी बिचारी बाहेर उन्हात उभी असे.

फोरमनसाहेबांनी निकाल दिला. लोखंडी तयार रॅक आणायचे दोन. त्यावर मावेल ते ठेवायचं, आणि जे मावणार नाही ते पुढच्या सोमवारी भंगारच्या गाडीत टाकून मोकळं व्हायचं. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी ताडपत्रीकडे बोट केलं.

"आणि ते मशीन. ते आता चालवणार कोण? बिडाचं आहे, चांगलं जड भरेल."

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं आपल्या कपात पाहिलं. तिथे त्याला काय दिसलं देव जाणे. आणि तेव्हाच मास्तरांच्या तोंडून ते वाकडे खांदे, सरळ कोट नि चार फळ्यांचं वाक्य बाहेर पडलं! लोखंडी रॅकला दोन कोपरे लागतात, मी छतापर्यंत मांडणी करीन, सगळं त्यात बसवीन, आणि खिडकीपाशी जागा उरेल ती मशीनची, असं त्यांनी एका दमात सांगितलं. फोरमनसाहेब हसले. म्हणाले, ठीक आहे, आठ दिवस दिले. पुढच्या रविवारी बघू, आणि सोमवारी गाडी येईलच.

तर असा मामला होता. मांडणी उभी राहिली तर मशीन राहणार, नाहीतर भंगारात. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही, पण सकाळी उठले ते मात्र टेप गळ्यात घालूनच.

पहिले दोन दिवस मापं घेण्यात गेले. मास्तरांनी गॅरेजमधल्या एकेका वस्तूला गिऱ्हाईक समजून समोर उभं केलं आणि बायकोला वही घेऊन स्टुलावर बसवलं, दुकानात बसवायचे तसं. "पंप. उंची वीस, घेर चौतीस. पोटाशी सैल ठेवायचंय, लिही." "शिडी. उंच, सडपातळ. खांदे उतरते." टायरचं माप घेताना त्यांनी सवयीनं विचारलं, "बटण एक की दोन?" बायकोनं ते लिहिलं नाही, पण हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा अशी हसली, असं मास्तरांना वाटलं.

मग ते लाकडाच्या वखारीत गेले आणि प्रत्येक फळी भिंतीच्या मापापेक्षा इंचभर लांब कापून आणली. वखारवाल्यानं विचारलं, हा इंच कशासाठी? मास्तर म्हणाले, शिलाईत आत दाबून ठेवायला, उद्या सैल करायचं झालं तर कापड नको का? वखारवाल्यानं त्यांना शांतपणे समजावलं की लाकूड उसवून मोठं करता येत नाही. पण मास्तर असल्या गोष्टींत कुणाचं ऐकणारे नव्हेत. परिणामी बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे तीन दिवस बत्तीस फळ्यांचा एकेक इंच करवतीनं कापण्यात गेले. अंगठ्याला पट्टी, तळव्याला फोड, केसांत भुसा, आणि चेहऱ्यावर मात्र असं तेज की लेकीनं ओरडायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं.

शनिवारी मास्तरांनी मांडणी उभी केली. आणि आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

कोट कधी एकदम पक्का शिवत नाहीत. आधी पांढऱ्या धाग्यानं मोठे मोठे टाके घालून नुसता जोडतात. ती कच्ची शिलाई. मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून ट्रायल घेतात, कुठे दाटतंय, कुठे झोळ पडतोय ते खडूनं टिपतात. मग सगळा उसवतात, आणि मग पक्की शिलाई. एकेचाळीस वर्षांत मास्तरांनी एकही कोट याशिवाय शिवला नव्हता, मग मांडणी कशी शिवतील? त्यांनी प्रत्येक सांध्यात दोन बारीक खिळे मारले, तेही अर्धेच. डोकी मुद्दाम बाहेर ठेवली, म्हणजे ट्रायल झाली की पक्कडीनं उपसायला सोपं. मांडणीलाच जोडून पुढे कामाचं टेबल, तेही तसंच. सगळीकडे खडूच्या खुणा केल्या. रविवारी सकाळी दुकानातून स्क्रू आणायचे, रिकामी खोकी ठेवून ट्रायल घ्यायची, मग उसवून पक्कं करायचं आणि संध्याकाळी व्याह्यांना दाखवायचं, असा बेत. हा बेत मास्तरांच्या डोक्यात इतका स्पष्ट होता की तो दुसऱ्या कुणाला सांगावा हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि उभी राहिली हो मांडणी! दरवाजातून पाहिलं तर एखाद्या दुकानात मांडून ठेवल्यासारखी. पाच मजले, छतापर्यंत, एक फळी इकडची तिकडे नाही. खिडकीपाशी मशीनपुरती जागा बरोबर मोकळी राहिली होती. मास्तर हात मागे बांधून बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. कोटांचं कसं, शिवले की गिऱ्हाईक घेऊन जातं. ही आता इथेच राहणार होती. त्यांना इतकं बरं वाटलं की आंघोळ करताना ते चक्क गुणगुणले.

रविवारी सकाळी मास्तर नि त्यांची बायको स्क्रू आणायला गेले. पाव तासाचं काम. पण दुकानदारानं सोळा प्रकारचे स्क्रू काढून दाखवले, आणि मास्तरांना डोकं न दिसणारे हवे होते, कारण चांगल्या कामात टाका दिसता कामा नये. त्यावर दुकानदाराशी चर्चा झाली. चर्चेत तो जरा कमी पडतो असं दिसल्यावर मास्तरांनी त्याला कॉलर कशी बसवतात ते समजावून सांगितलं. एकूण दीड तास लागला.

परत आले तर गॅरेजचं दार सताड उघडं, आणि मांडणी भरलेली!

सगळं होतं त्यात. पंप, टायर, सातही डबे, पुस्तकांची खोकी, बॅगा, अगदी व्यायामाचं यंत्रसुद्धा घडी करून कोंबलेलं. लेक समोर उभी होती, नाकावर काजळीचा पट्टा, केस विस्कटलेले, आणि तोंडभर हसू. आठवडाभर बाबा राबले, निदान भरायचं काम तरी आपण करू, असं म्हणून तिनं आणि जावयानं दीड तास घाम गाळला होता. तिनं मास्तरांचा हात धरला आणि वर बोट दाखवलं.

"बाबा, तुमचं मशीन सगळ्यात वर. मानाची जागा."

सगळ्यात वरच्या फळीवर, स्टँडवरून उतरवून, झाडूनपुसून, तेलपाणी करून लख्ख केलेलं ते बिडाचं मशीन बसलं होतं. चार बारीक खिळ्यांवर. अर्ध्या ठोकलेल्या. मास्तरांनी हातातल्या स्क्रूंच्या पुडीकडे पाहिलं.

ते बोलणारच होते. अगदी "अगं, हे अजून" एवढं तोंडातून निघालंही होतं. तेवढ्यात मांडणीच्या पलीकडून फोरमनसाहेब बाहेर आले. एका उभ्या फळीवरून त्यांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, एक डोळा मिटून ओळंब्यात आहे का ते पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मानलं तुम्हाला."

नऊ वर्षं झाली होती लग्नाला. नवऱ्या मुलाचा कोट मास्तरांनी स्वतः शिवला होता, सतरा दिवस खपून. तेव्हा हेच फोरमनसाहेब म्हणाले होते, "ठीक आहे." त्यानंतर कौतुकाचा शब्द म्हणून हा पहिलाच. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तोंड कोण उघडेल? मास्तरांनी उघडलेलं होतं, ते मिटलं.

त्यांनी मनाशी हिशेब केला. ही मंडळी चहाला वर जातील. गेली की गुपचूप वरचं मशीन उतरवायचं, बाकीचं रिकामं करायचं, स्क्रू मारायचे, कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर फक्त धरून ठेवायचं. ते सहज टेकल्यासारखे मांडणीच्या डाव्या खांबाला पाठ लावून उभे राहिले. पाठीला फळी किंचित हलल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी पाठ आणखी घट्ट लावली.

त्यांच्या बायकोनं एकवार मांडणीकडे पाहिलं. आयुष्यभर तिनं त्यांच्या कोटांतले पांढरे धागे ओढून काढले होते. बाहेर डोकावणारी खिळ्यांची डोकी पाहिल्यावर तिला काही विचारायची गरज पडली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि जाऊन उजव्या खांबाला टेकून उभी राहिली.

मास्तर पुटपुटले, "अगं, तू काय करतेस?"

"तुम्ही करताय तेच," ती म्हणाली, आणि समोर बघत राहिली.

लेक म्हणाली, चला वर, चहा टाकते. दोघंही हलेनात. मास्तर म्हणाले इथे वारा चांगला येतो. बायको म्हणाली तिचे गुडघे दुखताहेत, जिना नको. लेकीनं खुर्ची आणली. बायको म्हणाली, बसलं की जास्त दुखतात. शेवटी चहा खाली आला, आणि दोघांनी तो उभ्यानंच घेतला, दोन टोकांना, दाराशी पहाऱ्याला उभं केल्यासारखं. जावयानं फोटो काढायचा म्हणून "बाबा, जरा पुढे या" असं तीनदा सांगितलं. मास्तर म्हणाले, इथेच उजेड बरा आहे. जावई लेकीला हळूच म्हणाला, बघितलंस, स्वतःच्या कामावर किती जीव असतो माणसाचा, पाठ लावून उभे आहेत. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मास्तरांच्या पोटरीत गोळा आला होता.

आणि एवढ्यावर थांबतील तर ते फोरमनसाहेब कसले! ते बाहेर गेले आणि जावयाच्या मदतीनं एक गोणपाटात गुंडाळलेला बोजा घेऊन आले. उलगडला, तर आत त्यांचा व्हाइस. लोखंड घट्ट पकडून धरणारा तो मोठा जबडा, निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या माणसांनी त्यांना दिलेला. घरात त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे, नातवंडांनासुद्धा नाही.

"एवढं टेबल केलंत, तर त्याला साजेसं काहीतरी हवं. आजपासून हा तुमचा," ते म्हणाले, आणि चाळीस किलोंचं ते धूड त्यांनी मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

टक. एवढाच आवाज झाला. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नाही, पण मास्तरांच्या पाठीच्या कण्यातून तो सरळ टाळूपर्यंत गेला. पाठोपाठ दुसरा, टक. बायकोनं पलीकडून मान वळवून पाहिलं. तिचा चेहराच सांगत होता की आता पुरे झालं.

मास्तरांनी डोळे मिटले आणि मानसन्मानावर पाणी सोडलं. "फोरमनसाहेब, तो व्हाइस उचला," ते म्हणाले. "मांडणीला हात लावू नका. हे मी नीट ठोकलेलं नाही. पडेल."

मग जावई गहिवरला. आठ महिन्यांत या घरात मास्तरांच्या तोंडून स्वतःच्या कामाबद्दल एक उणा शब्द कुणी ऐकला नव्हता. साधा दिव्याचा बल्ब बदलला तरी चार दिवस तो विषय चालायचा. आणि आज, एवढं मोठं काम करून, हा माणूस म्हणतो नीट ठोकलेलं नाही! फोरमनसाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, खरा कारागीर असाच असतो, त्याला आपलं काम पडेल असंच कायम वाटत राहतं, ज्याला तसं वाटत नाही त्याला मी कारखान्यात पाय ठेवू दिला नाही.

मास्तर काकुळतीला आले. अहो, खिळे बघा, अर्धेच मारलेत, असं त्यांनी हातानं दाखवलं. फोरमनसाहेबांनी वाकून पाहिलं. म्हणाले, म्हणजे उद्या एखादी फळी काढावी लागली तर फोडाफोड नको, याला दूरदृष्टी म्हणतात. बायको म्हणाली, ते खोटं नाही हो बोलत. तर लेक म्हणाली, "आई, आता तू पण नको सुरू होऊस."

उभ्या जन्मात मास्तरांनी अनेक थापा खपवल्या होत्या. नेमकी खरी गोष्ट कुणी घेईना.

"थांबा, तुमची शंकाच फेडतो," फोरमनसाहेब म्हणाले. त्यांनी वळून टेबलाकडे पाठ केली, दोन्ही हात मागे टेकवले, आणि पंच्याण्णव किलोंचे फोरमनसाहेब टेबलावर बसले.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. फोरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर "बघा, सांगितलं नव्हतं?" असं हसूही उमटलं. मग टक, टक, टकटकटक, टाका उसवत जावा तशी खालपासून वरपर्यंत एकेक फळी सुटत गेली! टेबल मधोमध वाकलं. पंप घरंगळला. रंगाचे डबे रांगेनं उतरले, त्यातल्या एकानं वाटेत झाकण टाकलं. पुस्तकांची खोकी फुटली. टायरनं तर संधीच साधली, तो उडी मारून उभा राहिला आणि उघड्या दारातून रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या फाटकाशी जाऊन थांबला. आणि सगळ्यात वरची फळी एका अंगाला कलली, आणि तिच्यावरून मशीन हळूहळू, घसरगुंडीवरून यावं तसं, खाली यायला लागलं.

मास्तरांना हात दोनच होते. उजव्या बाजूला व्याही खाली चालले होते, डाव्या बाजूनं मशीन. विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनी विचार केलाही नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मशीन कवेत घेतलं. व्याही धपकन खाली बसले.

भुसा तरंगत होता. व्हाइस फोरमनसाहेबांच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला होता. त्यांच्या उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत फिकट निळा रंग ओघळला होता. लेक नि जावई धावले. हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले, सगळं शाबूत होतं. तोवर फोरमनसाहेबांची नजर समोर गेली. मास्तर भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, मशीन मांडीवर, दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेलं.

"मास्तर, तुम्ही मशीन धरलंत," ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता.

मास्तरांना आता कशाचीच भीती उरली नव्हती. जे जायचं ते गेलंच होतं.

"हो, धरलं. तुम्ही पडलात तर उठाल. हे पडलं असतं तर उद्या भंगारच्या गाडीत गेलं असतं." त्यांनी मशीन आणखी जवळ ओढलं. "आणि हे गेलं तर या घरात मी कोण, सांगा. वरच्या खोलीत राहणारा एक म्हातारा?"

लेक त्यांच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, लहानपणी दुकानात टेकायची तसं. बायको पदरानं मशीनवरचा भुसा पुसत राहिली. शेवटी जावई बोलला. तो मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मशीन द्यायचं माझ्या मनातही नव्हतं. पण तुमच्यासमोर माझ्या अप्पांना तोंडावर नाही कसं म्हणू, ते कळेना. म्हणून मी कपात बघत बसलो." एवढं बोलून तो परत खालीच बघायला लागला, फक्त या वेळी कप नव्हता.

फोरमनसाहेबांनी एक सुटलेला खिळा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा उचलला. मग एका फळीवरच्या खडूच्या खुणा वाचल्या. हे खिळे खरंच अर्धे ठोकलेत की, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग मास्तरांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. कच्ची शिलाई, ट्रायल, उसवणं, मग पक्की. फोरमनसाहेब ऐकत गेले. त्यांच्या कारखान्यातही तसंच होतं म्हणे. मोठा सांगाडा आधी चार ठिकाणी नुसता चिकटवून उभा करायचा, मापं तपासायची, मगच पूर्ण जोड द्यायचा, आणि तोवर त्याच्यावर कुणी चढला तर त्याला घरी पाठवायचं.

"मग आधी सांगायचं ना," ते म्हणाले.

"अर्धा तास तेच सांगतोय," मास्तर म्हणाले.

पहिल्यांदा बायको हसली. मग लेक. मग निळ्या बाहीचे फोरमनसाहेब, ते तर असे हसले की टायर परत करायला आलेले समोरचे शेजारी दारातच थबकले.

सोमवारी सकाळी आठला फोरमनसाहेब ड्रिल घेऊन हजर! भंगारची गाडीही आली. व्यायामाचं यंत्र, बिनचाकाच्या बॅगा नि पंप त्यांनी स्वतः उचलून तिच्यात टाकले, आणि गाडीवाल्यानं मशीनकडे नुसतं पाहिलं तर त्याच्यावर खेकसले. मग दोन्ही व्याही कामाला लागले. पाच दिवसांत त्यांची सत्तावीस भांडणं झाली. एकाला पाणसळ लावून पातळी बघितल्याशिवाय फळी बसवायची नसे, दुसऱ्याला खडू लावल्याशिवाय. पण एकशे बारा स्क्रू बसले, एकाचंही डोकं दिसत नाही, आणि शुक्रवारी व्याह्यांसकट घरातली पाचही माणसं एकदम त्या टेबलावर बसली तरी ते कुरकुरलंसुद्धा नाही. उन्हात उभी असणारी घरची गाडी आत आली. खिडकीपाशी मशीन पुन्हा आपल्या स्टँडवर, पायानं चालवायच्या पायट्यासकट बसलं. मास्तर आता रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आत बोलावून मांडणी दाखवतात. सुतार लावला नाही, असं दोनदा सांगतात. व्याह्यांची मदत झाली हे एकदा सांगतात, तेही व्याही हजर असले तर.

फक्त मशीनवर काम काही येईना. रोज सकाळी मास्तर ते पुसायचे, तेल घालायचे, पायटा दोनदा हलवून पाहायचे आणि मग खिडकीतून रस्ता बघत बसायचे. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी फोरमनसाहेब आले ते काखेत एक पुडकं घेऊन. उलगडलं, आत गडद निळं कापड, कोटाचं. या माणसानं जन्मभर तयार कपडे घातले होते. पोराच्या लग्नातसुद्धा तयार कोटच घातला होता, समोर मास्तरांसारखा व्याही असताना! त्यांनी कापड टेबलावर ठेवलं, घसा खाकरला आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, "माप घ्या."

मास्तरांनी घेतलं. छाती, खांदे, हात, पाठ. बायकोनं वहीत लिहिलं. आकडे सगळे बरोबर आले.

पुढच्या रविवारी ट्रायल होती. पांढऱ्या धाग्यानं जोडलेला कोट मास्तरांनी दोन बोटांनी अलगद उचलून व्याह्यांच्या अंगावर चढवला. फोरमनसाहेब गॅरेजच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, मान ताठ, नजर समोर. मास्तर खडू घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते. खांद्यांवर सुरकुती नाही, पाठीला झोळ नाही. काय बसला होता कोट! मास्तरांनी अभिमानानं मागे सरून एक नजर टाकली आणि विचारलं, कसा वाटतोय? फोरमनसाहेब काही बोलेनात. मास्तरांनी परत विचारलं. उत्तर नाही. मग त्यांनी समोर येऊन पाहिलं, तर व्याह्यांचा चेहरा लालबुंद झालेला, गाल फुगलेले, आणि कपाळावर घाम.

फोरमनसाहेबांनी नुसते ओठ हलवले.

"मास्तर, श्वास घेऊ का?"

मास्तर मागे गेले. पाठीच्या शिवणीवर त्यांनी तळहात ठेवला, टाके चाचपून पाहिले, थोडा विचार केला.

"अर्धा घ्या," ते म्हणाले.